अष्टमीचं पाणी

२६ जानेवारी, सकाळी पावणेनऊ. रक्कम रुपये पाचशे एक, रोख, पाकिटात. सोबत प्रशस्तिपत्र, त्यावर माझं नाव आणि ‘प्रसंगावधान व कर्तव्यदक्षता’ हे शब्द. हजर माणसं: आमचे अधिकारी, केंद्रातले नऊ जवान, पाहुणे म्हणून आलेले दोघे, आणि तिसऱ्या रांगेत टोकाच्या खुर्चीवर सुमन ठाकूर. माझ्यासोबत काम केलेल्या, आदल्या चैत्रात गेलेल्या ठाकूरची ती बायको. तिला साडी आणि नारळ दिला. टाळ्या झाल्या. मी पाकीट खिशात घातलं आणि घरी येईपर्यंत तिच्याकडे पाहिलं नाही.

मी अठ्ठावीस वर्षं अग्निशमनात काढली. सोळा रोह्याकडे, बारा पेणकडे. गेल्या वर्षी नोकरी सोडली. संस्थेचं आणि गावाचं नाव लिहीत नाही. चूक माझी होती, ती दुसऱ्या कुणाच्या दारात जाऊ नये.

आमच्या कामाबद्दल लोकांची समजूत अशी की आगीशी आमची लढाई असते. आमची लढाई पाण्याशी असते. आमच्या बंबात साडेचार हजार लिटर पाणी मावतं. ज्या पितळी नळीतून पाणी मारतात तिला आम्ही ब्रँच म्हणतो. एक ब्रँच मिनिटाला साधारण साडेचारशे लिटर पाणी टाकते. म्हणजे दहा मिनिटं. दहा मिनिटांत चूल विझते, घर विझत नाही. अकराव्या मिनिटाला पाणी कुठून येणार हे ज्याला वर्दी मिळताक्षणी ठाऊक असतं, तो चांगला फायरमन. वर्दी म्हणजे आग लागल्याचा निरोप.

मी कोलाडजवळचा. आमची भातशेती, भातानंतर वाल. आमच्याकडची कुंडलिका नदी घड्याळावर चालते. वर वीजघर आहे. तिथून पाणी सुटलं की नदी भरते, बंद झालं की उतरते. लहानपणी आम्ही म्हशी नदीपार न्यायचो ते वेळ पाहून. आणि पाणी आलं की दर वेळी त्याच दगडापर्यंत यायचं. त्या दगडावर पांढरी रेघ पडली होती. मी पुढे जे केलं ते या रेघेमुळे.

रोह्याकडच्या सोळा वर्षांत पाण्यासाठी माझं कधी अडलं नाही. महामार्गावरच्या एका खानावळीच्या धुराड्याला आग लागली, तेव्हा मालकाने दारात हात पसरून आम्हाला अडवलं होतं. म्हणाला, "साहेब, मागच्या दाराने या. पुढे गिऱ्हाईक जेवतंय." आम्ही मागून गेलो. आग विझली, गिऱ्हाइकांनी ताकसुद्धा मागवलं, आणि मालकाने आमच्या पाचही जणांच्या जेवणाचं बिल लावलं, मात्र भात फुकट. जिते भागात एकदा शेतावरचा राब, म्हणजे रोपांसाठी पसरलेला पालापाचोळा, भाजताना ठिणगी उडून पेंढ्याच्या चार उडव्या पेटल्या. तो शेतकरी मला सांगत होता, "पानी मारा, पन वालावर नको. वाल सडंल." अशी माणसं. त्या वर्षांबद्दल लिहायला हात कचरत नाही.

पेणकडे आलो आणि खारेपाट पाहिला. गावांच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला बांध, आणि प्यायचं पाणी टँकरने. विहिरी नाहीत, असल्या तर खारट आणि उन्हाळ्यात तळाला गेलेल्या. आग लागली तर अकराव्या मिनिटाला एकच आधार, खाडी. आणि खाडीला भरती-ओहोटी. ओहोटीला तिथे पाणी नसतं, गुडघाभर चिखल असतो.

मी महिनाभर विचार केला आणि केंद्रात एक काळी फळी लावली. हिशेब सोपा होता. पंचांगातली तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची. तेवढ्या वाजता खाडीच्या मुखाशी पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजता. आमची गावं खाडीच्या आत, म्हणून एक तास वर. भरतीच्या आधी दीड तास आणि नंतर दीड तास पाणी मिळणार. रोज सकाळी कामावर आलो की मी हे आकडे फळीवर खडूने लिहायचो. पाहुणे आले की अधिकारी त्यांना आधी फळी दाखवायचे. मला त्याचा अभिमान होता. लिहायला लाज वाटते, पण होता.

ठाकूर खाडीकाठचाच. त्याच्या घरात चार पिढ्या मीठ आणि मासळी. केंद्रात एकवीस वर्षं. पेटलेला गॅस सिलिंडर ओलं गोणपाट टाकून बाहेर आणायचं काम आमच्याकडे त्याचं होतं. असे सात त्याने आणले, मी नोंदी पाहिल्या आहेत. सातवा आणताना भुवया जळल्या, तर म्हणाला, "बायको बोलायची कपाल लान हाय, आता मोठा झाला." माझी फळी पाहून तो मला मास्तर म्हणायला लागला.

"मास्तर, फलीवर काय लिवतंस? जाऊन चिखल बघ. खेकडा वर आला का बिलात गेला, त्यावरनं पानी कलतं."

"रोज बारा किलोमीटर जाऊन खेकडे बघू?"

"मंग मना इचार. मी बघून येतोच ना रोज."

मी त्याला विचारलं नाही. फळी तीन वर्षं बरोबर आली. अकरा वर्द्यांना आम्ही खाडीतून पाणी उचललं, अकराही वेळा मिळालं. चेष्टा करता करता ठाकूरही निघताना फळीकडे बघायला लागला. मी ते पाहिलं आणि मला बरं वाटलं.

चैत्र वद्य अष्टमी. सकाळी सहा पन्नासला वर्दी आली. खाडीकाठच्या गावात घराला आग, माळ्यावर पेंढा, आत म्हातारा माणूस. अधिकारी बाहेरगावी होते आणि पंप चालवणारा रजेवर. त्यामुळे वर्दीचा प्रमुख मी आणि पंपही माझ्याकडे. फळीवर लिहिलेलं होतं: भरती सात, पाणी साडेआठपर्यंत. सात पंचवीसला आम्ही पोचलो.

घर धक्क्यापासून सव्वाशे मीटर. बंब धक्क्यावर लावला, पंपाचा जाड पाइप खाली सोडला, टोकाला गाळणी आणि गाळणीभोवती बांबूची टोपली, चिखल येऊ नये म्हणून. खाली पाणी होतं. ती गाळणी निदान हातभर पाण्यात बुडालेली लागते. त्याहून वर आली की पंप हवा ओढतो, आणि ब्रँच धरलेल्या माणसाच्या हातात रिकामा रबर राहतो.

स्वयंपाकघर पेटलेलं होतं, माळ्याचा पुढचा भाग पेटत होता. म्हातारा मागच्या खोलीत अंथरुणाला खिळलेला. मागची खिडकी लहान, तिला गज. गज बाहेरून काढायला दोन जवान लागले होते, पण म्हाताऱ्याला उचलून खिडकीपर्यंत आणायला कुणीतरी आतून जायला हवं होतं. आणि त्याच्या डोक्यावरचा माळा भिजता ठेवायला हवा होता.

ठाकूरने ब्रँच खांद्यावर घेतली आणि धक्क्याकडे वळून ओरडला, "मास्तर, पानी किती?"

"साडेआठपर्यंत."

"फली बोलते का तू बोलतंस?"

"फळी बोलते. जा."

तो गेला. ‘जा’ हा शब्द मी उच्चारला. त्याचा अर्थ हुकूम होतो, कारण तिथे प्रमुख मी होतो.

धक्क्यावर बायका जमल्या होत्या. त्यांतली एक पारू नावाची, मिठागरात काम करणारी, माझ्याजवळ आली. म्हणाली, "ओ भाऊ, पानी सुटलाय. आज अष्टमी हाय. हितं नाय टिकायचं. उघाडीच्या आत लावा, तिथं कोंडलेला पानी हाय."

उघाडी म्हणजे बांधातली झडप. तिच्या आत खाजणाचं, म्हणजे बांधाआडच्या खाऱ्या दलदलीचं, पाणी साठलेलं असतं. ती धक्क्यापासून लांब होती. तिथून घरापर्यंत सात होज, म्हणजे रबरी पाइप, लागले असते. आमच्याकडे आठ होते. बंब वळवून लावायला बारा मिनिटं. मी हे सगळं डोक्यात मांडलं. बारा मिनिटं पाणी बंद ठेवायचं, तेही ठाकूर आत असताना, हे मला परवडणारं वाटलं नाही.

"बाई, अजून पन्नास मिनिटं आहेत," मी घड्याळ दाखवलं.

"खाडी घड्याल घालते का?"

मागून एक माणूस म्हणाला, "गो पारू, त्यांना काम करू दे. त्यांचा हिशेब असतो."

ती बायकांत जाऊन उभी राहिली. सात चाळीस झाले होते. तेव्हा बंब वळवला असता तर चाललं असतं. आमच्या टाकीत अजून सहा मिनिटांचं पाणी शिल्लक होतं, शिवाय ठाकूरला शिट्टी मारून बाहेर बोलावता आलं असतं. हे गणित मी नंतर इतक्या वेळा केलं आहे की उत्तर पाठ आहे.

सात बावन्नला दाबाच्या काट्याने झोका घेतला. खाली पाहिलं तर टोपली उघडी पडली होती आणि गाळणी चिखलात फुरफुरत होती. मी टाकीचं पाणी चालू केलं, तीन शिट्ट्या मारल्या. तीन शिट्ट्या म्हणजे असाल तसे बाहेर या. पण चिखल पंपात गेला होता, टाकीचं पाणीही ब्रँचपर्यंत धड पोचलं नाही.

म्हातारा तोवर खिडकीतून बाहेर आला होता. ठाकूरने त्याला गोधडीत गुंडाळून दिला होता. खाली ठेवल्याबरोबर तो ओरडायला लागला की उचलताना माझं धोतर सोडलं आणि तपकिरीची डबी आत राहिली. लोक हसलेसुद्धा. ते हसत असताना माळा खाली आला. ठाकूर अजून आत होता.

तो चौथ्या दिवशी गेला. तिसऱ्या दिवशी मी त्याला भेटलो. चेहरा सोडून सगळं बांधलेलं होतं. त्याने विचारलं, "मास्तर, पानी का गेला?"

मी म्हणालो, "पंप बिघडला."

तो म्हणाला, "पंप चांगला होता." एवढंच. तोंड फिरवायची त्याला सोय नव्हती, म्हणून मीच बाहेर आलो.

माझं गणित कुठे चुकलं ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. वेळ बरोबर होती. सातलाच भरती होती. पण पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी वरपर्यंत येतं आणि उतरायला वेळ लागतो. अष्टमीच्या आसपास भरती येते ती अर्धीमुर्धी. तिला तिथले लोक भांग म्हणतात. भांगाचं पाणी धक्क्याला जेमतेम टेकतं आणि निघून जातं. माझ्या फळीवर वेळेचा रकाना होता, उंचीचा नव्हता. आमच्या नदीचं पाणी रोज त्याच रेघेपर्यंत यायचं, म्हणून उंची विचारायची असते हे माझ्या डोक्यात आलं नाही. आधीच्या अकरा वर्द्या मी नोंदवहीत काढून पाहिल्या. एकही अष्टमीच्या आगेमागे नव्हती. तीन वर्षं फळी बरोबर नव्हती, ती पकडली गेली नव्हती.

आठवड्याने माझा जबाब झाला. अधिकारी भले गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "आत जायला ठाकूरला कुणी सांगितलं?"

मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"स्वतःहून गेला असं लिहू या. त्याचं शौर्य दिसेल. घरच्यांना उपयोग होईल. आणि पाणी?"

"खाडीचं पाणी अचानक ओसरलं," मी म्हणालो.

खाडी अचानक काही करत नाही. तरी ते वाक्य लिहिलं गेलं आणि खाली मी सही केली. जबाब घ्यायला कुणी गावात गेलं नाही, पारूला कुणी विचारलं नाही. त्या सहीतून मला नऊ महिन्यांनी पाचशे एक रुपये मिळाले.

कर्तव्यावर मृत्यू आला तर घरच्यांना नेहमीची देणी मिळतात. ती सुमनवहिनींना मिळाली, वेळेवर मिळाली. त्याखेरीज दोन लाखांची विशेष रक्कम असते. तिला अट अशी की मृत्यू हुकूम पाळताना झालेला असावा. प्रशस्तिपत्रानंतर चार महिन्यांनी वहिनी पत्र घेऊन केंद्रात आल्या.

"भावजी, ह्यात काय लिवलंय ते नीट सांगा."

त्यांना वाचता येत होतं. तरी मी वाचलं. ‘आदेश नसताना स्वेच्छेने जोखीम पत्करल्याचे जबाबावरून दिसते. सबब विशेष रक्कम अनुज्ञेय नाही.’

"म्हंजे ते आपल्या मनानं गेले म्हनून नाय?"

"तसं लिहिलंय."

त्यांनी फळीकडे पाहिलं. फळीवर त्या दिवशीचे आकडे होते. मी लिहायचं बंद केलं नव्हतं, बंद केलं असतं तर कुणीतरी कारण विचारलं असतं.

"परत अर्ज करायला किती मुदत हाय?"

"ते गेल्यापासून तीन वर्षं."

"बरं," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

त्या पेणच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायला लागल्या. मी दर रविवारी बाजारात जातो. रस्ता बदलला असता, पण पटलं नाही. त्या विचारायच्या, "बरं हाय ना, भावजी?" मी बरं आहे म्हणायचो. मग त्या हातातलं काम थांबवून क्षणभर तशाच माझ्याकडे बघत राहायच्या. मला वाटायचं, नवऱ्याची आठवण येते.

मी गप्प का राहिलो ते लिहितो. खरं सांगितलं असतं तर चौकशी, निदान बडतर्फी. घराच्या कर्जाचे नऊ वर्षांचे हप्ते बाकी होते. मुलगी नर्सिंगला होती. बायकोला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. ही कारणं खरी आहेत. पुरेशी नाहीत.

चौथ्या वर्षी तो म्हातारा वारला. झोपेत, नव्या डबीसह. मी मातीला गेलो आणि तिथून सरळ वहिनींच्या घरी. त्या ओट्यावर बोंबील निवडत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. हुकूम मी दिला होता, हिशेब माझा चुकला होता, पारूने सांगितलं तेव्हा मी ऐकलं नव्हतं, आणि रुग्णालयात ठाकूरशी खोटं बोललो होतो.

त्यांचे हात थांबले नाहीत. म्हणाल्या, "अष्टमीला धक्क्यावर पानी उचललात, ते मना त्याच दिवशी कललं. हितल्या पोरीसोरींनाबी ठावं हाय. तुमी ‘जा’ बोललात ते पारूनं आयकलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी बोलून काय व्हनार? माजं बोलनं कागदावर येतं का? तुमचं येतं. दोन वर्सं बाजारात तुमचं तोंड बघत बसली, आज बोलतील, उंद्या बोलतील." मग एक बोंबील बाजूला टाकून म्हणाल्या, "ते जायच्या आदल्या दिवशी मना बोलले, मास्तर खोटं बोलला, पन घाबरलाय, त्याला सांभालून घे. म्हनून गप बसली. मुदत कदी सरली?"

"दोन महिन्यांपूर्वी."

"व्हय," त्या म्हणाल्या. "मी मोजली हुती."

दुसऱ्या दिवशी मी नवा जबाब लिहून दिला. सात पानं, सगळ्या वेळा आणि अंतरांसह. सोबत पाचशे एक रुपये आणि प्रशस्तिपत्र परत केलं. तेव्हाचे अधिकारी बदलून गेले होते, नव्यांनी ते वाचलं आणि कपाळ दाबून बसले. मला वाटलं होतं नोकरी जाईल. कागद वर गेले, अकरा महिन्यांनी उत्तरं आली. माझी एक वेतनवाढ रोखली, आणि ते का हेही नीट लिहिलं नव्हतं. नोकरी गेली नाही. जिच्या भीतीने मी तीन वर्षं गप्प राहिलो ती शिक्षा एवढी होती.

फळी मी स्वतः उतरवली. नव्या मुलांना वेळेसोबत उंचीही लिहायला शिकवावं असं वाटत होतं, पण आता मोबाइलवर सगळं दिसतं, असं नवे अधिकारी म्हणाले. त्या जागी रजेचा तक्ता आहे.

वहिनींच्या नावाचं उत्तर माझ्याच हाती दिलं, कारण पोच आणायला त्या गावी जाणारं दुसरं कुणी नव्हतं. मी गेलो. त्यांनी पत्र वाचलं आणि विचारलं, "काय मिलालं म्हनून सही करू?"

"पत्र मिळालं म्हणून."

त्यांनी भिंतीला कागद टेकून सही केली.

अंतिम हिशेब असा. विशेष रक्कम रुपये दोन लाख, श्रीमती सुमन ठाकूर यांना: अर्ज मुदतीबाहेर, अदा निरंक. प्रसंगावधान व कर्तव्यदक्षतेबद्दल रुपये पाचशे एक, मला: परत घेण्याची तरतूद नाही, सबब अदा कायम.